डायलिसिसवरील रुग्णाच्या किडनीतला दुर्मिळ कॅन्सर: रिपोर्ट कसा समजून घ्यावा आणि उरलेल्या किडनीचे काय करावे

ताई, तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान ४४ वर्षांचे आहेत. रक्तदाबामुळे किडन्या निकामी झाल्या असे त्यांना सांगण्यात आले असून गेली सात वर्षे आठवड्यातून दोनदा त्यांचे हिमोडायलिसिस चालू आहे. तुमच्या सासूबाई किडनी द्यायला तयार झाल्या, प्रत्यारोपणाच्या तपासण्या सुरू झाल्या आणि त्यातल्या सोनोग्राफीत डाव्या किडनीत गाठ दिसली. ती किडनी दुर्बिणीतून काढण्यात आली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये २.८ सेंटिमीटरची गाठ, ‘अक्वायर्ड सिस्टिक डिसीज असोसिएटेड रीनल सेल कार्सिनोमा’ (म्हणजे निकामी किडनीत नंतर तयार झालेल्या पाण्याच्या गाठींशी निगडित किडनीचा कॅन्सर), ग्रेड ३, टप्पा टी-१-ए (म्हणजे चार सेंटिमीटरपर्यंतची, किडनीपुरती मर्यादित गाठ) आणि कडा मोकळ्या (म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी नाहीत), असे लिहिले आहे. हा प्रकार दुर्मिळ आहे असे डॉक्टर म्हणाले आणि तेव्हापासून घरात कोणालाच झोप नाही. बंद पडलेल्या किडनीत कॅन्सर झालाच कसा, डायलिसिसमुळे झाला का, ग्रेड ३ म्हणजे पसरणारा का, केमोथेरपी लागेल का, उजवी किडनीही काढावी का, प्रत्यारोपण आता किती वर्षे लांबले आणि सासूबाईंच्या किडनीतही हेच निघेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी किडनीविकारतज्ज्ञ आहे आणि डायलिसिसवरचे व प्रत्यारोपण झालेले रुग्ण हेच माझे रोजचे काम आहे. यजमानांना मी तपासलेले नाही आणि त्यांचे सीटी स्कॅनही पाहिलेले नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते निर्णयामागचा विचार तुमच्यापर्यंत पोहोचावा म्हणून; निर्णय त्यांच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्यायचा आहे. तुमचे प्रश्न बरेच असले तरी त्यांच्या मुळाशी एकच मोठा प्रश्न आहे असे मला वाटते. काढलेल्या गाठीचा विषय, रिपोर्टमध्ये लिहिले आहे ते पाहता, जवळजवळ संपलेला आहे. जो संपलेला नाही तो उरलेल्या उजव्या किडनीचा. ज्या परिस्थितीत डावीकडे गाठ तयार झाली त्याच परिस्थितीत उजवी किडनीही सात वर्षे राहिली आहे आणि प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाल्यावरही ती शरीरातच राहणार आहे. घरातली सारी चर्चा गेलेल्या गाठीभोवती फिरते आहे असे तुमच्या लिहिण्यावरून जाणवले, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितले.

आता बंद पडलेल्या किडनीत कॅन्सर कसा होतो ते पाहू. किडनी निकामी झाली म्हणजे तिचे रक्त गाळण्याचे काम थांबले. तिच्यातल्या पेशी मेल्या असे नव्हे. तिला रक्तपुरवठा चालूच असतो. लाखो नलिकांपैकी बहुतेक नष्ट होतात, पण ज्या उरतात त्यांच्या पेशींना वाढीचे संदेश सतत मिळत राहतात आणि त्या फुगतात, वाढतात. अशा वाढलेल्या नलिकांतूनच पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, तयार होतात. सुरुवातीला सिस्टच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. पुढे काही सिस्टमध्ये एकावर एक थर चढत जातात आणि अशाच एखाद्या थरातून वर्षांनंतर घन गाठ उभी राहू शकते. रक्तात साठून राहणारी विषद्रव्ये आणि किडनीविकारामुळे मंदावलेली प्रतिकारशक्ती यांचाही त्याला हातभार लागतो. हा प्रकार पुरुषांमध्ये बराच अधिक आढळतो.

डायलिसिसमुळे हे झाले का, याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्यामागे इतिहास आहे. १९७७ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या डनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ हिमोडायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या किडन्या तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत जन्मतः नसलेले सिस्ट आणि त्यांतल्या काहींत ट्यूमरही आढळले. त्यावेळी साहजिकच यंत्रावर, नळ्यांवर, वापरल्या जाणाऱ्या रसायनांवर संशय घेतला गेला. पुढे मात्र तेच सिस्ट पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णांतही दिसले आणि डायलिसिस सुरूच न झालेल्या, पण क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णांतही दिसले. यशस्वी प्रत्यारोपणानंतर ते अनेकदा आक्रसतात, हेही लक्षात आले. म्हणजे कारण आहे ते किडनी निकामी असण्याचा काळ. डायलिसिसने रुग्ण जगतो, म्हणून हा काळ लांबतो. डायलिसिसला तीन वर्षे होईपर्यंत साधारण ४० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत असे सिस्ट दिसू लागतात आणि दहा वर्षे ओलांडलेल्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात जाते. या रुग्णांपैकी फार थोड्यांना कॅन्सर होतो, पण जो धोका असतो तो इतर लोकांच्या तुलनेत कित्येक पट अधिक असतो. तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस केले असते तर, दुसऱ्या सेंटरला गेलो असतो तर, अशा विचारांनी स्वतःला त्रास करून घेऊ नका. तीनदा डायलिसिस इतर कारणांसाठी अधिक चांगले आहेच, पण ही गाठ त्यामुळे टळली असती असे म्हणायला आधार नाही.

रिपोर्टमधल्या लांबलचक नावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. किडनीच्या कॅन्सरचे जे सर्व रुग्ण असतात त्यांच्यात हा प्रकार खरोखरच क्वचित दिसतो आणि एखाद्या जनरल सर्जनला आयुष्यात एकदाही न दिसणे शक्य आहे. पण ज्यांच्या किडन्या पूर्ण निकामी आहेत अशांपुरते पाहिले तर चित्र उलटते. पॅथॉलॉजिस्ट सतीश टिक्कू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा रुग्णांच्या, ट्यूमर असलेल्या ६६ किडन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एक तृतीयांशाहून थोड्या अधिक किडन्यांत मुख्य गाठ याच प्रकारची होती आणि तोवर या प्रकाराला स्वतंत्र नावही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात तो स्वतंत्र प्रकार म्हणून आला. म्हणजे तुमच्या यजमानांच्या बाबतीत काही विपरीत, कोणाला न समजणारे घडले आहे असे नाही. सात वर्षे डायलिसिसवर असलेल्या, सिस्ट झालेल्या किडनीत जो ट्यूमर सर्वाधिक अपेक्षित असतो तोच निघाला आहे.

या गाठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की ती ओळखायला शिकवावी लागत नाही, इतके तिचे रूप वेगळे असते. गुलाबी रंगाच्या भरगच्च पेशी आणि त्यांच्यात लहान लहान पोकळ्या, त्यामुळे सगळा भाग चाळणीसारखा दिसतो. मग पॅथॉलॉजिस्ट ध्रुवीकृत प्रकाशाची काच सरकवतात आणि गडद झालेल्या पटलावर कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक लखलखतात. ऑक्झलेट हे एरवी लघवीवाटे बाहेर जाणारे द्रव्य आहे. किडनी निकामी झाली की ते रक्तात साठते आणि उतींत जाऊन बसते. (याच कारणासाठी डायलिसिसच्या रुग्णाने ‘ताकद यावी’ म्हणून सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत; त्यातून शरीरात ऑक्झलेटच वाढते.) यजमानांच्या रिपोर्टच्या वर्णनाच्या भागात या स्फटिकांचा उल्लेख असेल तर निदानाबद्दल शंका घेण्याचे फारसे कारण नाही. तसा उल्लेख नसेल, तर काचा एखाद्या मोठ्या कॅन्सर केंद्रातील किडनीच्या ट्यूमरचा सराव असलेल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला हरकत नाही. हा अविश्वास नव्हे. दुर्मिळ निदानात दुसरे मत घेण्याची रीतच आहे.

हे दुसरे मत कधीकधी फार मोलाचे ठरते, कारण निकामी किडनीत आणखी एक प्रकार दिसतो, क्लिअर सेल पॅपिलरी, आणि तो इतका सौम्य वागतो की २०२२ च्या वर्गीकरणात त्याच्या नावातला ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकण्यात आला. तो सध्या फक्त ‘ट्यूमर’ म्हणून ओळखला जातो. जुन्या रिपोर्टवर मात्र अजून कॅन्सरचा शिक्का असतो आणि तेवढ्यावरून एखाद्याचे प्रत्यारोपण अडलेले असते. यजमानांचा प्रकार हा नाही, पण याच कारणाने ज्यांचे प्रत्यारोपण थांबले आहे असे कोणी वाचत असतील तर त्यांनी तो रिपोर्ट पुन्हा तपासून घ्यावा.

आता ग्रेड ३ बद्दल, कारण तुम्हाला सर्वाधिक धास्ती त्याचीच आहे. किडनीच्या कॅन्सरमध्ये ग्रेड ठरवताना पेशीच्या केंद्रकातला एक ठिपका, न्यूक्लिओलस, किती ठळक दिसतो ते पाहतात. नुसते शंभरपट मोठे करूनही तो स्पष्ट दिसला तर ग्रेड ३. त्यासाठी चारशेपट मोठे करावे लागले तर ग्रेड २. ही पद्धत क्लिअर सेल आणि पॅपिलरी या नेहमीच्या दोन प्रकारांवर पारखून घेतलेली आहे आणि तिथे ग्रेडवरून पुढच्या वाटचालीचा अंदाज खरोखर बांधता येतो. यजमानांच्या प्रकारात मात्र हा ठिपका मुळातच ठळक असतो. त्यामुळे या गाठींना बहुतेक वेळा ग्रेड ३ च मिळतो, गाठ अगदी लहान आणि शांत असली तरीही. या प्रकारात ग्रेडचा उपयोग वर्णनापुरता आहे. मी स्वतः असा रिपोर्ट हातात आला की आधी तीन गोष्टी शोधतो: गाठीचा आकार, ती किडनीबाहेरच्या चरबीत किंवा रक्तवाहिनीत शिरली आहे का, आणि ‘सारकोमॅटॉइड’ हा शब्द कुठे आहे का. हा तिसरा शब्द असेल तर सगळे गणित बदलते, कारण त्या रूपातल्या पेशी वेगाने पसरतात. तुम्ही उतरवून पाठवलेल्या मजकुरात तो नाही. २.८ सेंटिमीटर, किडनीपुरती मर्यादित, कडा मोकळ्या. इतक्या लवकर सापडलेल्या अशा गाठी बहुतेक रुग्णांत पुन्हा डोके वर काढत नाहीत. आणि ती लवकर सापडली याचे कारण यजमानांना काही त्रास झाला हे नव्हे, तर प्रत्यारोपणासाठी तपासणी झाली हे आहे.

केमोथेरपीचा विषय लवकर संपतो. किडनीच्या पेशींच्या कॅन्सरवर आपण ज्याला केमो म्हणतो ती फारशी चालत नाही आणि या टप्प्यावर शस्त्रक्रिया हाच संपूर्ण उपचार असतो. पसरलेल्या कॅन्सरसाठी ज्या गोळ्या आणि प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शने आहेत ती डायलिसिसवरही देता येतात, पण यजमानांना आज त्यांची गरज नाही. कोणी ‘खबरदारी म्हणून’ काही सुरू करण्याचा सल्ला दिला तर त्यामागचे कारण स्पष्ट विचारा.

आता उजवी किडनी. इथे थोडे थांबून विचार करायला हवा, कारण हा ट्यूमर एकाच किडनीत अनेक ठिकाणी आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतो. पहिली पायरी म्हणजे तिची नीट प्रतिमा मिळवणे. सोनोग्राफीत ‘उजवीकडे अनेक सिस्ट, गाठ नाही’ एवढे लिहिलेले पुरेसे नाही. आक्रसलेल्या, सिस्टने भरलेल्या किडनीत लहान घन गाठ सोनोग्राफीला सहज चकवते. शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्त पोहोचलेला भाग चित्रात उठून दिसावा म्हणून द्यायचे औषध) देऊन केलेला सीटी स्कॅन हवा. कॉन्ट्रास्टने किडनी खराब होते हे तुम्ही ऐकले असेल आणि ज्यांची किडनी अर्धवट चालू आहे त्यांच्यासाठी ती काळजी रास्त आहे. पण ज्यांना लघवी होतच नाही त्यांच्या किडनीचे त्याने आणखी काही बिघडत नाही आणि स्कॅननंतर तातडीने जास्तीचे डायलिसिस करण्याचीही सहसा गरज नसते. ठरलेल्या दिवशीचे पुरते. माझ्या पाहण्यात याच भीतीपोटी अनेकांचे साधे सीटी होतात आणि त्या साध्या सीटीतून हवी ती माहिती मिळत नाही.

कॉन्ट्रास्ट दिल्यावरही वाचन सोपे नसते. निकामी किडनीत रक्त कमी येते आणि हा ट्यूमर स्वतःही कॉन्ट्रास्ट फार कमी शोषतो. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या चित्रात फरक अगदी थोडा दिसतो. म्हणून रेडिऑलॉजिस्टकडे जाताना ‘डायलिसिसचा रुग्ण, डाव्या किडनीत या प्रकारचा कॅन्सर निघाला आहे, उजवीकडे शोधायचे आहे’ असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घेऊन जा. नुसते ‘सीटी पोट’ लिहिलेल्या कागदावर होणारे वाचन आणि अशा चिठ्ठीवर होणारे वाचन यांत फरक पडतो. सीटीने समाधान झाले नाही तर एमआरआय करता येतो. त्यात कॉन्ट्रास्ट म्हणून वापरल्या जाणाऱ्या गॅडोलिनियममुळे डायलिसिसच्या रुग्णांची त्वचा आणि सांधे आखडण्याचा एक गंभीर विकार होऊ शकतो, हे २००६ च्या सुमारास ध्यानात आले आणि त्यामुळे कित्येक वर्षे हा मार्ग बंदच होता. आता ज्या नव्या प्रकारची गॅडोलिनियमची औषधे मिळतात त्यांत हा धोका फारच कमी आहे, मात्र कोणते औषध देणार हे आधी विचारून घ्यायचे.

उजवीकडे संशयास्पद गाठ दिसली तर प्रश्न उरत नाही. ती किडनी प्रत्यारोपणाआधी काढावी. काम न करणाऱ्या किडनीचा तुकडा वाचवण्यात अर्थ नसतो आणि अशा वेळी बायोप्सीचाही सहसा आग्रह धरला जात नाही, कारण सिस्टमध्ये दडलेल्या गाठीतून सुई नेमकी योग्य जागी जाईल याची हमी नसते. खरा पेच पडतो तो उजवीकडे फक्त साधे सिस्ट असतील तेव्हा. तेव्हा मी रुग्णाला पहिला प्रश्न विचारतो की दिवसाला लघवी किती होते. कोणाला ती तीनशे-चारशे मिलिलिटर होत असते आणि तेवढ्यावर त्यांचे पाण्याचे, पोटॅशियमचे आणि जेवणाचे सारे गणित उभे असते. अशा माणसाची किडनी केवळ भीतीपोटी काढली की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घोट मोजून प्यावा लागतो. लघवी पूर्ण बंद असली तरी निकामी किडनी थोडेफार एरिथ्रोपोएटिन, म्हणजे रक्त तयार करायला लावणारे संप्रेरक, बनवत असते. दोन्ही किडन्या गेल्या की हिमोग्लोबिन टिकवायला इंजेक्शनांची मात्रा वाढवावी लागते, आणि काही रुग्णांचा रक्तदाब इतका उतरतो की डायलिसिस पूर्ण वेळ चालवणे अवघड होते.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. यजमान तरुण आहेत, प्रत्यारोपणानंतर त्यांच्यापुढे अनेक वर्षे आहेत आणि ती सगळी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर जाणार आहेत. बऱ्याच लोकांना माहीत नसते की प्रत्यारोपणात जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी किडनी ओटीपोटात बसवतात आणि जुन्या जागच्या जागी राहतात. एकदा हा ट्यूमर झालेल्या माणसात ती जुनी उजवी किडनी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गप्प बसेलच असे कोणी सांगू शकत नाही. म्हणून जगभरातली केंद्रे इथे वेगवेगळे वागतात. माझा कल असा आहे: चांगल्या सीटीत उजवी किडनी स्वच्छ असेल आणि रुग्ण दर सहा महिन्यांनी तपासणीला येईल याची खात्री असेल, तर ती ठेवावी. रुग्ण दूरच्या गावात राहतो, नियमित येणे जमणार नाही, लघवी पूर्ण बंद आहे आणि सिस्ट गुंतागुंतीचे आहेत, अशी स्थिती असेल तर ती काढण्याच्या बाजूने मी झुकतो. तुम्ही साताऱ्याजवळच्या गावाहून लिहिता आहात आणि डायलिसिसला शहरात येता आहात. नियमित तपासणी तुम्हाला कितपत झेपेल हे तुम्हीच प्रामाणिकपणे डॉक्टरांना सांगायचे आहे, कारण निर्णय त्यावरही अवलंबून आहे.

इथवरचे थोडक्यात असे, की गाठ लवकर आणि पूर्ण निघाली आहे, ग्रेड ३ चा धसका घेऊ नये, केमोचा प्रश्न नाही आणि पुढचे पाऊल म्हणजे उजव्या किडनीचा कॉन्ट्रास्ट सीटी.

प्रत्यारोपण किती लांबले, हे विचारताना तुमच्या शब्दांत जी निराशा आहे ती बरीचशी जुन्या नियमांमुळे आहे. पूर्वी किडनीचा कोणताही कॅन्सर म्हटला की दोन ते पाच वर्षे थांबा असे सरसकट सांगितले जाई. आता आकारानुसार विचार होतो. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार योगायोगाने सापडलेली तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ काढल्यावर थांबण्याची गरज नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या इतर गाठींसाठी किमान दोन वर्षे आणि मोठ्या, आजूबाजूला शिरलेल्या गाठींसाठी किमान पाच वर्षे थांबावे असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेतील प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या त्यानंतरच्या एकमताच्या मसुद्यातही चार सेंटिमीटरपर्यंतच्या, किडनीपुरत्या मर्यादित गाठीसाठी प्रतीक्षा सांगितलेली नाही. म्हणजे २.८ सेंटिमीटरच्या गाठीमुळे यजमानांचे प्रत्यारोपण वर्षानुवर्षे अडून राहावे असे नाही. व्यवहारात जखम भरणे, उजव्या किडनीचा निर्णय आणि छातीचा सीटी या गोष्टींत काही महिने जातात आणि तेवढे जाऊ द्यावेत. तुमच्या केंद्राने ‘दोन वर्षे’ असे सांगितले असेल तर ते कशाच्या आधारे, हे वाद न घालता विचारा. सारकोमॅटॉइड भाग, रक्तवाहिनीत शिरलेला ट्यूमर किंवा छातीत दिसलेला एखादा ठिपका, असे काही कारण असेल तर थांबणेच योग्य. कारण कॅन्सर नंतर पसरला तर त्यावरच्या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांनी बसवलेली किडनी शरीराकडून नाकारली जाण्याचा मोठा धोका असतो.

प्रत्यारोपण झाल्यावर औषधांची निवड करताना सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस या गटाचा विचार डॉक्टर करू शकतात, कारण त्या गटात कॅन्सरला थोडा आवर घालण्याचा गुण आहे. मात्र जखम उशिरा भरणे, तोंड येणे, कोलेस्टेरॉल वाढणे असे त्यांचे त्रासही आहेत. म्हणून पहिल्या दिवसापासून ती सगळ्यांना देत नाहीत.

सासूबाईंबद्दल तुम्ही निश्चिंत राहा. हा ट्यूमर किडनी निकामी झाल्याने होतो, तो आईकडून मुलाकडे येत नाही. त्यांच्या तपासण्या इतर कोणत्याही दात्यासारख्याच होतील आणि त्यांच्या वयामुळे हृदय, साखर व रक्तदाब यांकडे अधिक बारकाईने पाहिले जाईल. मात्र एक गोष्ट तपासून घ्यायला सांगतो: यजमानांचे सिस्ट हे निकामी किडनीमुळे आलेलेच आहेत, आनुवंशिक पॉलिसिस्टिक आजाराचे नाहीत, याची खात्री. तो आजार असेल तर किडन्या आकाराने मोठ्या असतात, यकृतातही सिस्ट दिसू शकतात आणि सहसा घरात आणखी कोणाला किडनीचा त्रास झालेला असतो. सात वर्षांपूर्वीची, डायलिसिस सुरू होतानाची सोनोग्राफी तुमच्याकडे असेल तर ती शोधा. त्यात किडन्या लहान आणि सिस्ट नसलेल्या असतील तर शंकेला जागा राहत नाही. काही कारणाने सासूबाई दात्या म्हणून बसल्या नाहीत, तर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीत मृत दात्यासाठी नाव घालता येईल. तसे केल्यास कॅन्सरची ही माहिती केंद्राला सुरुवातीलाच द्या.

‘रक्तदाबामुळे किडनी गेली’ या वाक्यावरही एक प्रश्न विचारायचा आहे. आपल्याकडे बरेच रुग्ण किडन्या आक्रसल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोहोचतात आणि तोवर मूळ कारण पुसले गेलेले असते. रक्तदाब हे कारण असते की परिणाम, हे सांगता येत नाही. यजमानांनी पूर्वी वर्षानुवर्षे अंगदुखीच्या गोळ्या किंवा कोणाकडून आणलेली जडीबुटी घेतली होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. अॅरिस्टोलोकिया या कुळातल्या वनस्पतींमधल्या आम्लाने किडनीही निकामी होते आणि लघवीच्या मार्गाच्या अस्तराचा कॅन्सरही होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत चुकून ही वनस्पती गेल्याने अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकींना हा कॅन्सर झाला. तैवानमध्येही हीच समस्या मोठी आहे. आपल्याकडची ईश्वरी ही त्याच कुळातली आहे. हा कॅन्सर किडनीच्या गाभ्यापासून मूत्राशयापर्यंत कुठेही होऊ शकतो, सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही आणि त्यावरच्या शस्त्रक्रियेत किडनीबरोबर मूत्रवाहिनीही काढावी लागते. यजमानांचा प्रकार हा नाही, पण तसा पूर्वेतिहास असेल तर उजवीकडची तपासणी त्या दृष्टीनेही करावी लागेल.

हे वाचणाऱ्या, डायलिसिसवर असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. प्रत्येकाने दरवर्षी सीटी करावा असे मी म्हणणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या, हृदय कमजोर असलेल्या रुग्णाच्या आयुष्याला खरा धोका हृदयाचा असतो. त्यांच्यात दोन सेंटिमीटरची गाठ सापडली तरी अनेकदा शस्त्रक्रियेपेक्षा लक्ष ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते. पण ज्यांचे वय कमी आहे, प्रकृती बरी आहे आणि जे प्रत्यारोपणाची वाट पाहत आहेत त्यांनी डायलिसिसला तीन वर्षे झाली की वर्षाला एकदा किडन्यांची सोनोग्राफी करावी, असे मी आग्रहाने सांगतो. केडिगोच्या सूचनाही प्रत्यारोपणाच्या अशा उमेदवारांची सोनोग्राफी करायला सुचवतात. तिचा खर्च साधारण एका डायलिसिसइतका येतो. डायलिसिसच्या फाइलमध्ये हिमोग्लोबिन, पोटॅशियम, कावीळ-एचआयव्हीच्या तपासण्या वेळच्या वेळी लागलेल्या असतात. सोनोग्राफी मात्र पहिल्या वर्षानंतर कोणी पाहतच नाही.

काही लक्षणे मात्र वयाचा विचार न करता दखल घेण्याजोगी आहेत. लघवी कमी होणाऱ्याला ती लाल किंवा चहाच्या रंगाची होऊ लागली. कुशीत एका बाजूला दुखत राहिले. कारण न सापडणारा ताप येत राहिला. इंजेक्शन न वाढवता हिमोग्लोबिन अचानक चढू लागले, तर त्याचा आनंद न मानता किडनीचा फोटो काढावा, कारण काही ट्यूमर एरिथ्रोपोएटिन बनवतात. आणि उलटही घडते: सिस्ट किंवा गाठ फुटून आतल्या आत रक्तस्राव होतो. आमच्या युनिटमध्ये एका रुग्णाला डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला डाव्या कुशीत जोराची कळ आली, घाम फुटला, रक्तदाब खाली गेला. तंत्रज्ञांनी हेपॅरिन (डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू न देणारे औषध) थांबवून यंत्रातले रक्त परत दिले. सीटीत किडनीभोवती रक्त साकळलेले दिसले. रक्तस्राव थांबला, पुढची काही डायलिसिस हेपॅरिनशिवाय केली आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला. अशा वेळी घरच्यांना वाटते की संकट टळले. पण साकळलेल्या रक्ताआड गाठ लपलेली असू शकते. म्हणून काही आठवड्यांनी, रक्त विरघळल्यावर, पुन्हा सीटी करायचाच असतो. त्या रुग्णाच्या दुसऱ्या सीटीत गाठ दिसली आणि किडनी वेळेवर काढता आली.

ताई, पुढच्या भेटीला जाताना पॅथॉलॉजीचा संपूर्ण रिपोर्ट, फक्त शेवटचे पान नव्हे, बरोबर ठेवा. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथून गाठीचे मेणाचे ब्लॉक आणि काचा मागून घ्या आणि घरी कोरड्या, थंड जागी ठेवा. दुसरे मत घ्यायचे ठरले किंवा उजवीकडे कधी काही निघाले तर तुलनेला त्या लागतात. सीटीची नुसती छापील फिल्म न घेता सीडी घ्या. यजमानांची चोवीस तासांची लघवी एका भांड्यात जमवून मोजा आणि तो आकडा लिहून न्या. उजव्या किडनीचा निर्णय घेताना डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतील.